सातच्या बातम्या, वय वर्षे सात

मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला पोचलेल्या प्रत्येक गटाला व्हिडिओ प्रोजेक्टचा विषय कळवायच्या आदल्या रात्री एक अभिनव कल्पना सुचते: लहान मूल बातम्या वाचतंय. ती जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचली, असा समज खुशाल असू द्या. त्याने कामाला हुरूप येतो. शेजारच्या बाकावरच्या गटालाही तीच सुचली असेल, तर त्यांना वृद्धाश्रमावरची डॉक्युमेंटरी करायला पटवा. ती दरवर्षी कुणाला तरी करावीच लागते.

ही मार्गदर्शिका अगदी नवख्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांचा कॅमेरा कॉलेजचा, ट्रायपॉड मित्राचा आणि मेमरी कार्ड नक्की कुणाचं ते आता कुणालाच आठवत नाही, अशांसाठी. मूल अर्थातच अजून मिळालेलं नाही.

आधी कन्सेप्ट नोट लिहून टाका. तीत 'माध्यमांच्या उथळपणावर उपरोधिक भाष्य' हे शब्द आले की पहिलं पान भरल्यासारखं दिसतं. गाईड मॅडम विचारतील, "यातून तुम्हाला म्हणायचंय काय?" 'मूल गोड दिसतं' हे याचं खरं उत्तर. ते देऊ नये. मॅडमनी ते दरवर्षी ऐकलेलं असतं.

पार्श्वभूमी म्हणून थोडा इतिहास लागतो. तो असा: बीबीसीने मुलांसाठीचं 'न्यूजराउंड' हे बातमीपत्र एप्रिल १९७२मध्ये सुरू केलं, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण एका परिच्छेदात ठेवले की अभ्यास केल्यासारखा वाटतो. एक फरक मात्र ध्यानात घ्या. 'न्यूजराउंड'मध्ये जॉन क्रेव्हन हे मोठे गृहस्थ मुलांना बातम्या सांगायचे. तुमच्याकडे मूल मोठ्यांना बातम्या सांगणार आहे. म्हणजे सांगणाऱ्याला त्या समजलेल्या असणं ही जबाबदारी मुलावर येते. मोठ्या निवेदकांवर ती कुणी फारशी टाकत नाही.

मूल निवडणे

वय सात. पाच वर्षांचं मूल वाचत नाही, पाठ करतं, आणि मधला एक शब्द निसटला की पुन्हा 'नमस्कार'पासून सुरू करतं. दहा वर्षांचं मूल सफाईने वाचतं, पण त्याला स्वतःची मतं असतात आणि बऱ्याचदा स्वतःचं चॅनेलही. तुमचा माइक त्याच्याकडच्या माइकपेक्षा स्वस्तातला आहे, हे ते आल्या आल्या सांगतं. सात वर्षांचं मूल अक्षराला अक्षर जोडत निघतं, जोडाक्षरापाशी थबकतं, आणि ओळ संपली की विजयी मुद्रेने वर बघतं. ही मुद्रा शिकवून येत नाही. यापुढे त्या मुलीला आपण निवेदिका म्हणू. तुम्हीही सेटवर तसंच म्हणा. 'बाळा', 'पिल्लू', 'क्यूटी' बंद. तुम्हाला ती दादा-ताई म्हणेल. दिग्दर्शकाने दाढी राखलेली असेल तर त्याला काका म्हणेल. त्याने ते मनाला लावून घेऊ नये.

वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलेलं मूल चुकूनही घेऊ नका. त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलंत की ते उभं राहतं. "सन्माननीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो" एवढं झाल्याशिवाय ते हवामानाच्या अंदाजाकडे वळत नाही, आणि वळलं तरी 'विदर्भात तुरळक पाऊस' म्हणताना उजवा हात छतापर्यंत नेतं. शिकवणाऱ्या बाईंनी तो तिथपर्यंत न्यायला वर्ष घालवलेलं असतं, तुमच्या एका दुपारीत तो खाली येणार नाही.

ऑडिशनला कविता म्हणायला लावू नका. नुसतं विचारा, "आज शाळेत काय झालं?" काही मुलं सकाळी उठल्यापासून सुरुवात करतात, दात घासले, दूध प्यायले, बस आली. ही मुलं मोठेपणी कादंबऱ्या लिहितात. तुम्हाला हवं ते मूल धापा टाकत सांगतं, "गणिताच्या तासाला बाकाखाली पाल निघाली आणि बाईच आधी पळाल्या." काय, कोण, कुठे, केव्हा हे चार ककार एका दमात आले. पत्रकारितेच्या पहिल्या सत्रात हे तुम्हाला शिकवलेलं आहे आणि परीक्षेत तुम्ही ते लिहिलेलंही आहे.

यानंतर एक तपासणी आहे. ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. निवेदिकेला हसायला सांगा आणि समोरचे दात बघा. सहा ते आठ या वयात पुढचे दुधाचे दात पडतात. शुक्रवारी अर्धं बातमीपत्र शूट केलं, रविवारी उरलेलं करायला गेलात, आणि मध्ये शनिवारी सफरचंद झालं, तर हेडलाइन्सला दात आहे आणि क्रीडावृत्ताला नाही. हा कंटिन्युइटीचा घोटाळा एडिटिंगला झाकता येत नाही. शिवाय समोरचा दात गेला की 'स' आणि 'श' यांच्यातून वारा जातो. 'शासनाने समिती स्थापन केली' हे वाक्य मग ऐकायला फार सुंदर लागतं, पण कळत नाही. तेव्हा हलणारा दात दिसला तर चित्रीकरण एका दिवसात उरका, नाहीतर तो पडून जाऊ द्या आणि संहितेतून शासन, समिती, समस्या, संघर्ष काढून टाका. बातमीपत्रात काही उरलंच, तर ते वाचायला घ्या.

परवानगी

ती आईकडून घ्यायची, लेखी घ्यायची, आणि घरी जाऊन घ्यायची. व्हॉट्सॲपवर अंगठा आला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. कागदावर शूटिंग कुठे, किती वेळ, आणि व्हिडिओ कुठे दाखवणार हे साध्या मराठीत लिहा. बाबा सही करतील, पण प्रश्न आजी विचारेल. "दुपारचं जेवण कुणाकडे?" आणि "हे सगळीकडे दिसणार का?" हे तिचे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर घरून ठरवून जा.

कायदाही ठाऊक असू द्या. बालकलाकारांबाबत केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. तुमच्या कॉलेज प्रोजेक्टला यातलं नेमकं काय लागू होतं ते मॅडमना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वेळेची मर्यादा पाळण्यात तुम्हाला अडचण येणार नाही. निवेदिका स्वतःच तासाभरात "आता बास" म्हणते आणि त्यावर अपील नसतं. कमाईचं म्हणाल, तर तिला मसाला डोसा कबूल झालेला असतो. त्यातले वीस टक्के मुदत ठेवीत कसे टाकायचे, हे ज्याचं त्याने पाहावं.

संहिता

इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा.

गटातला जो मुलगा सुट्टीत एखाद्या वाहिनीवर इंटर्नशिप करून आलाय, तो संहिता लिहायला पुढे सरसावेल. त्याच्या तोंडी रनडाऊन, बाइट, पीटीसी, फोनो, ॲस्टन हे शब्द असतात. त्याला लिहू द्या. तो हे लिहील: "विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार, या प्रकरणाची सखोल चौकशी करून दोषींवर कठोर कारवाई करण्यात येईल, असे आश्वासन पालकमंत्र्यांनी दिले." आता हे निवेदिकेच्या हातात द्या आणि वही घेऊन शेजारी बसा.

"सूत्र म्हणजे कोण?"

"ज्याने बातमी दिली, पण ज्याचं नाव सांगायचं नाही, असा माणूस."

"आमच्या वर्गात पण आहे एक सूत्र. बाईंना सगळं जाऊन सांगतं."

"बरोबर. पुढे वाच."

"पालकमंत्री म्हणजे आईबाबांचे मंत्री?"

"नाही गं, जिल्ह्याचे."

"मग मुलांचे कोण?"

इथे इंटर्नशिपवाला पाणी प्यायला जातो. तो परत येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी किल्ला लढवावा.

"सखोल चौकशी म्हणजे?"

"खूप खोल जाऊन विचारणं."

"दोषी कोण आहे?"

"ते अजून कळलेलं नाही."

"मग कुणावर रागावणार?"

या प्रश्नाला उत्तर नाही. जे वाक्य तुम्ही पहिल्या वर्षापासून लिहीत आलात आणि ज्यावर तुम्हाला गुण मिळत आले, त्यात कोण, केव्हा, कुठे, का यांतला एकही ककार नाही, हे एका दुसरीतल्या मुलीने शोधून काढलेलं आहे. वहीत हे लिहून घ्या. कन्सेप्ट नोटमध्ये माध्यमांवर जे भाष्य करायचं कबूल केलं होतं, ते झालं. आणि ते कॅमेरा बंद असताना झालं.

आता ती संहिता बाजूला ठेवा आणि निवेदिकेलाच विचारा, "तुला माहीत असलेली एक बातमी सांग." तिने सांगितलेली बातमी शब्दाला शब्द उतरवून घ्या. ती अशी काहीतरी असते: "आमच्या सोसायटीच्या बागेतला झोका दिवाळीपासून तुटलेला आहे. सेक्रेटरी काका म्हणाले, बघतो. ते दिवाळीपासून बघत आहेत."

याला हात लावू नका. 'झोक्याच्या दुरुस्तीचा प्रश्न ऐरणीवर' असं करायचा मोह होईल. गटातलं कुणीतरी 'चिमुकल्यांच्या आनंदावर विरजण' असं सुचवेलही. त्याला चहा आणायला पाठवा. तुमचं बातमीपत्र अशाच चार-पाच बातम्यांचं होणार आहे. पाण्याची वेळ बदलली आणि वॉचमन काकांना कुणी सांगितलंच नाही. रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात दोन जादा मुलं बसतात. मांजरीला तीन पिल्लं झाली, पण जिन्यातल्या आजी ती बघू देत नाहीत. शेवटची बातमी क्रीडावृत्तात घ्यायची की संमिश्र वार्तांमध्ये, यावर गटात चर्चा होऊ द्या. तुम्हाला पाच गुण गटचर्चेचे आहेत.

आकड्यांपाशी सावध राहा. निवेदिका इंग्रजी माध्यमातली असेल तर '६९' हे ती 'सिक्स्टी नाइन' वाचेल, आणि मराठी माध्यमातली असेल तर आधी तुमच्याकडे बघेल. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं तेव्हा पार विधानसभेपर्यंत गदारोळ झाला होता. त्या वेळी तावातावाने बोलणाऱ्या कितीजणांना 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' न अडखळता लावता येत होते, ही मात्र बातमी कुणी केली नाही. तुम्ही आकडे अक्षरांत लिहा, मोठे असतील तर तोडून लिहा, आणि एका बातमीत एकच ठेवा. गावांची नावं तिच्याकडून आधी म्हणवून घ्या. 'जळगाव'चा 'ज' आणि 'चाळीसगाव'चा 'च' कसा म्हणायचा, हे ती आजीच्या तोंडून ऐकून आलेली असेल तर तुमच्यापेक्षा बरं म्हणेल.

लांबी किती असावी? सराईत निवेदक मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द वाचतो. निवेदिका त्याच्या निम्मे वाचेल, आणि मधला वेळ विचार करण्यात घालवेल. ते विचार करणं एडिटमध्ये कापू नका.

प्रॉम्प्टर, खुर्ची, चादर

टेलिप्रॉम्प्टर हे यंत्र १९५०च्या सुमारास अमेरिकेत एका नटाच्या विसरभोळेपणाची सोय म्हणून आलं. तेव्हा ती सरकणाऱ्या कागदाची गुंडाळी होती. आपल्याकडे दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात निवेदक हातातल्या कागदावरून वाचत आणि मान वर करून प्रेक्षकांकडे बघत. त्या मान वर करण्यात एक भारदस्तपणा होता. तुम्ही बुटांचा खोका, फोटोफ्रेमची काच आणि टॅब्लेट घेऊन घरीच प्रॉम्प्टर करा. काच पंचेचाळीस अंशांत, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, मागे काळं कापड. यूट्यूबवर शंभर जणांनी हे दाखवलंय.

ते जे दाखवत नाहीत ते असं: काचेवर जे जे येईल ते ते निवेदिका वाचणार. 'नमस्कार, आजच्या ठळक बातम्या, इथे थोडं हसणे, कट टू व्हीओ' हे ती खणखणीत आवाजात, त्याच क्रमाने वाचेल. तिचं काही चुकलेलं नाही. कागदावर लिहिलेलं वाचायला तुम्हीच सांगितलं होतं. सूचना लाल रंगात लिहिल्या तर त्या ती जास्त मोठ्याने वाचते, कारण शाळेत लाल अक्षरं महत्त्वाची असतात. सूचना पूर्ण काढा. प्रॉम्प्टरच चालला नाही तर हातात कागद द्या. मान वर करण्याचा भारदस्तपणा सात वर्षांच्या मानेलाही शोभतो.

खुर्चीवर बसवल्यावर टेबलाच्या वर फक्त भांग दिसतो. गादीने काम भागत नाही, ती दबते. कॉलेजच्या ग्रंथालयातून मराठी विश्वकोशाचे दोन खंड आणा. ते सहसा कुणी नेलेले नसतात आणि दबत नाहीत. खंड खाली घातले की पाय लोंबकळू लागतात, आणि लोंबकळणारे पाय टेबलावर आपटतात. हेडफोन लावून बसलेल्याला दर दोन सेकंदांनी 'धप्प' ऐकू येईल. तो आधी केबल बदलेल, मग माइक बदलेल, मग रेकॉर्डरच्या कंपनीला नावं ठेवेल. पायांखाली स्वयंपाकघरातला पाट सरकवा. आवाज थांबतो.

टेबलाखाली निवेदिकेने काय घातलंय याला महत्त्व नाही. दूरदर्शनवर बातम्या देणारी स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, हा किस्सा तुम्हाला लेक्चरमध्ये किमान दोन वेळा ऐकवलेला असेल. त्याच परंपरेला स्मरून निवेदिकेला वरती कोट आणि खाली नाइट पँट चालेल. कोट मोठ्या भावाचा घेऊन मागून चिमटे लावा.

मागे हिरवा पडदा लावणार असाल तर तो हिरवाच का, हे तोंडी परीक्षेत विचारतात. हिरवा माणसाच्या कातडीच्या रंगापासून लांबचा, आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून तो स्वच्छ कापला जातो. हे उत्तर पाठ करा, आणि निवेदिकेच्या आईला आदल्या दिवशी फोन करून सांगा की पोपटी परकर-पोलकं नको. न सांगितल्यास ती नेमकं तेच घालून येईल, कारण ते लग्नातलं आहे आणि टीव्हीवर जायचं आहे. मग सॉफ्टवेअरमध्ये मंत्रालयाच्या इमारतीसमोर एक डोकं आणि दोन हात बातम्या देताना दिसतील. चादर इस्त्री करा. निवेदिका आणि चादर यांच्यात दोन पावलांपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर हिरवट झाक गालावर येते.

प्रकाशाचं थोडक्यात: आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून पंचवीस फ्रेम आणि पन्नासांश सेकंदाचं शटर ठेवलं की ट्यूबलाइट फडफडत नाही.

शूटिंग

सकाळी नाश्त्यानंतर. दुपारी दोन ते चार या वेळात मुलीला झोप येते आणि प्रॉडक्शन मॅनेजरलाही.

निवेदिका एकटी येत नाही. आई, आजी, डबा, पाण्याची बाटली, धाकटा भाऊ असा लवाजमा येतो. आई खोलीत राहील, पण निवेदिकेच्या नजरेच्या रेषेत बसणार नाही, हे आधी ठरवून घ्या. ती समोर बसली की प्रत्येक वाक्य ओठांनी म्हणते आणि निवेदिका कॅमेऱ्याऐवजी तिच्याकडे बघते. धाकट्या भावाला काम द्या. क्लॅप त्याच्या हातात दिला तर तो एका तासात चाळीस वेळा वाजवेल, पण निदान कुठे आहे ते कळत राहील.

लेपल माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मण्यांची माळ काढा. माइक दिसल्याबरोबर निवेदिका त्यात फुंकर मारून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणणार. गणपतीच्या मांडवात तिने हेच पाहिलेलं आहे. एकदा मनसोक्त म्हणू द्या. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज नंतर चालू करायला कोण लक्षात ठेवणार हे नावानिशी ठरवा, म्हणजे काकूंचं दूध नासणार नाही. रूम टोन म्हणून अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करावी लागते. अख्ख्या चित्रीकरणात हेच अर्धं मिनिट सर्वांत अवघड, आणि ते मोडतं ते मुलीकडून नव्हे, तर भंगारवाल्याकडून किंवा दिग्दर्शकाच्या फोनमुळे.

"ॲक्शन!" असं ओरडू नका, ती दचकते. "सांग आता," म्हणा. पहिला टेक 'ही नुसती रिहर्सल' म्हणून घ्या आणि गुपचूप रेकॉर्ड करा; बहुतेक वेळा तोच शेवटी वापरला जातो. तिसऱ्या टेकनंतर ती हुबेहूब तुमच्यासारखं वाचायला लागते. तिथे थांबा, ते काही कामाचं नाही. रडायला आली तर कॅमेरा बंद. 'ब्लूपर म्हणून चांगलं आहे' असं कुणी कुजबुजलं तर त्याला बाहेर पाठवून चादरीची घडी घालायला लावा.

बाहेरचं एक दृश्य ठेवाच. झोक्याच्या बातमीला दुसरी बाजू हवी, म्हणून सेक्रेटरी काकांचा बाइट घ्यायचा. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने बसवून तुटक्या झोक्यासमोर उभे राहतील. प्रश्न निवेदिकेलाच विचारू द्या. तिला लिहून देऊ नका. ती माइक दोन्ही हातांनी धरून वर करेल. काकांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंतच तो पोचेल, आणि ध्वनिमुद्रण करणारा डोळ्यांनी खुणा करेल. तिकडे लक्ष देऊ नका.

"झोका कधी होणार?"

काका सोसायटीचा निधी, लिफ्टचं काम, पावसाळा आणि मागच्या कमिटीचा कारभार यांवर सविस्तर बोलतील. निवेदिका सगळं ऐकून घेईल. तिला व्यत्यय आणणं शिकवलेलं नाही.

"म्हणजे कधी?"

"पुढच्या मीटिंगला विषय ठेवू."

"मीटिंग कधी आहे?"

कॅमेरा चालू ठेवा. काका तुमच्याकडे बघतील, 'हे कापणार ना?' असं. तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये बघत राहा. तुमच्या वर्गातल्या कुणालाही आजवर मंत्र्याच्या पत्रकार परिषदेत तिसरा प्रश्न विचारता आलेला नाही. आणि ही तर माइक खाली घेतच नाहीये.

नंतरची कामं

एडिटिंगच्या वेळी खाली लाल पट्टी, त्याखाली पिवळी पट्टी, कोपऱ्यात फिरणारा लोगो आणि मागे ढोलताशा लावायची हुक्की येईल. पट्टी एकच पुरे. 'ब्रेकिंग'चा शिक्का मांजरीच्या पिल्लांना लावा, बाकी कशाला लावण्यासारखं घडलेलं नाही.

व्हिडिओ वर्गाबाहेर जाणार असेल तर फ्रेम पुन्हा तपासा. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, सोसायटीच्या फाटकावरचं नाव, रिक्षाचा नंबर, कपाटावर चिकटवलेलं वेळापत्रक हे सगळं धूसर करा. आजीचा दुसरा प्रश्न हाच होता. कमेंट बंद ठेवा. आईला तिच्या कुटुंबाच्या ग्रुपसाठी लहान आकाराची फाइल द्या, आणि ती तिथून कोल्हापूर, नाशिक आणि न्यू जर्सीला पोचेल हे गृहीत धरा.

श्रेयनामावलीत निवेदिकेचं नाव पहिलं. गटातल्या सात जणांना प्रत्येकी दोन पदं मिळालेली असतात, त्यातली एकेक काढली की आजीच्या नावासमोर 'भोजनव्यवस्था' लिहायला जागा होते. सेक्रेटरी काकांचे आभार माना, ते बघतील.

तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक विचारतील, "टार्गेट ऑडियन्स कोण?" अठरा ते पस्तीस, असं ठोकून द्या. विश्वकोशाचे खंड त्याआधी परत करा, दंड दिवसाला लागतो. फाइलला 'फायनल_फायनल_खरंच_फायनल' असं नाव देऊ नका, आणि दोन पेनड्राइव्ह न्या. परीक्षकांच्या लॅपटॉपला एकच यूएसबी पोर्ट असतं आणि त्यात आधीच माउस असतो.